वहिनींनी हुंगलेली बाटली

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळे मापारी म्हणतात. एका छोट्या हॉटेलच्या बारमध्ये ते अठ्ठावीस वर्षं काउंटरमागे उभे आहेत, आणि मापाबाहेर त्यांच्या हातून थेंब सांडलेला कुणी पाहिलेला नाही. स्वतः मात्र घेत नाहीत. आग्रह झालाच तर म्हणतात, "शिंप्यानं गिऱ्हाइकाचा कोट घालून हिंडू नये."

त्यांचं सगळं काम नाकावर चालायचं. नवी बाटली उघडली की दोन थेंब तळहातावर घ्यायचे, तळहात एकमेकांवर घासायचे आणि नाकाशी धरायचे. एवढ्यावर ते सांगत, ही नुसत्या पाण्याबरोबर द्या, हिच्यात लिंबू पिळलं तर रुसेल.

गेल्या वर्षी त्यांना जबर ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. शेगडीवर दूध करपलं तरी कळेना. एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन दार लोटून बसले.

"मास्तर, कुठं बोलू नका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. बारमनला वास येईना म्हणजे घड्याळजीला काटे दिसेनात. उद्याच घरी बसवतील."

वाट काढली ती त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी. त्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करतात. दूध नासणार हे त्यांना आदल्या दिवशी कळतं. मापारी नव्या मालाचा चमचाभर नमुना औषधाच्या छोट्या बाटलीतून घरी आणत, वहिनी हुंगत आणि आपल्या भाषेत सांगत. "ही मधासारखी, पण मध जुना." "ही पावसात भिजलेल्या लाकडासारखी." "ही नको गं बाई, नेलपॉलिश सांडल्यासारखी!" दुसऱ्या दिवशी मापारी तेच शब्द काउंटरवर सांगत. गिऱ्हाइकं खूश. मालकीणबाई तर म्हणाल्या, "ताप काय आला, तुम्ही कवीच झालात की!"

असे दहा महिने निभावले.

मग मालकीणबाईंना रोजच्या वापरासाठी एक स्कॉच ठरवायची होती. सोडा-पाण्याबरोबर चालेल आणि कॉकटेलमध्येही मान टाकणार नाही अशी. विक्रेत्यानं दोन आणल्या. एक महाग, लाकडी पेटीतली. दुसरी परवडणारी ब्लेंडेड माल्ट. म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलरींच्या माल्ट व्हिस्की एकत्र केलेली, पण सगळी मोड आणलेल्या बार्लीच्या माल्टची, दुसऱ्या धान्याची तिच्यात नाही. निवड मापाऱ्यांनी करायची होती.

दोन्ही नमुने घरी आले. दुसऱ्यासाठी बाटली कमी पडली, म्हणून ते माझ्याकडून एक घेऊन गेले. माझ्या दाढेच्या लवंग तेलाची ती बाटली. त्यांनी तीनदा गरम पाण्यानं धुतली, सवयीनं हुंगली, कसलाच वास आला नाही, आणि समाधानानं भरली.

वहिनी म्हणाल्या, "हिच्यात लवंग आहे. चांगली ठसठशीत."

दुसऱ्या दिवशी मापाऱ्यांनी काउंटरवर परवडणारीचे थेंब घेऊन तळहात घासले, नाकाशी धरले, डोळे मिटले आणि म्हणाले, "लवंग. अगदी ठसठशीत."

विक्रेत्यानं आपला पेला हुंगला. "लवंग? कुठंय? मला तर नासपतीचा वास येतोय."

मालकीणबाईंनी दोनदा हुंगलं. मग पेला खाली ठेवला.

"मापारी, तुम्हाला आत्ता कसला वास आला?"

मापाऱ्यांनी तळहात एप्रनला पुसले. "कसलाच नाही, बाई."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. ताप, औषधाच्या बाटल्यांतले नमुने, वहिनी.

"म्हणजे तो जुना मध, ते भिजलेलं लाकूड..."

"बायकोचं."

मापारी एप्रनची गाठ सोडू लागले. मालकीणबाई म्हणाल्या, "राहू द्या तो अंगावर. उद्या सकाळी बार उघडायच्या आत वहिनींना घेऊन या. आणि कृपा करून त्यांना धुतलेल्या पेल्यातून हुंगू द्या!"

वहिनी ड्यूटीआधी गेल्या. बारच्या उंच स्टुलावर आयुष्यात पहिल्यांदाच बसल्या. पाय जमिनीला पोचेनात. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. महागडीचा पेला नाकाशी नेऊन म्हणाल्या, "ही पाहुणी आहे. सगळ्यांनी आपल्याकडेच बघावं असं वाटतं हिला." मग दुसरा उचलला. बराच वेळ घेतला. "नासपती. मध. मागं भाजलेल्या ब्रेडची कड. ही घरातली. लिंबू पिळा, साखर घाला, रागवायची नाही."

"लवंग?" मालकीणबाईंनी विचारलं.

"लवंग नाही हो! परवा कुठून आली होती कुणास ठाऊक."

मालकीणबाईंनी मापाऱ्यांना लिंबू घालून एक बनवायला सांगितलं. व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक, बर्फ. हात कुठंच अडखळले नाहीत. घोट घेऊन त्या म्हणाल्या, "हीच ठेवू. आणि ऐका, हात तुमचे चांगले आहेत, ते मला हवेत. नवा माल आला की वहिनींनी इथं यायचं, रीतसर, मोबदला घेऊन. चोरून बाटल्या न्यायच्या नाहीत."

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. "भाऊजी, तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी माझे आभार मानले नाहीत, मीही अपेक्षा केली नाही. त्या दिवशी बसस्टॉपवर म्हणाले, 'तू होतीस म्हणून.' बस आली, दार उघडलं, गेली. आम्ही तिथंच. मग मीच म्हटलं, 'अहो, पुढची तरी गाठू. मला ड्यूटीला उशीर होतोय.'"