भय्याजींच्या ट्रॅक्टरचे टवके

माझा धाकटा भाऊ जागेश्वर जवाहरनगरच्या फॅक्टरीत पेंटर होता. नोकरीभर त्याने एकच काम केले. लोखंडाला असा रंग द्यायचा की ओघळ नको, फुगा नको, ब्रशचा केस नको. रिटायर झाला आणि त्याने उलटा धंदा मांडला. टिनाच्या नि प्लास्टिकच्या वीतभर गाड्या बनवायच्या, रंगवायच्या आणि मग रंग उडवायचा.

उडवायचाच होता तर लावला कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, "ताई, लावल्याबिगर उडते का?" यावर बी.ए. झालेल्या बाईने काय बोलावे.

त्याची रीत अशी. आधी गंजाचा तपकिरी रंग. तो वाळला की त्यावर हेअरस्प्रे, आणि त्यावर गाडीचा खरा रंग. मग ओल्या ब्रशने घासायचे. हेअरस्प्रे पाण्याने सुटतो, वरच्या रंगाचे टवके निघतात आणि खालचा गंज डोकावतो. अडचण एवढीच की जागेश्वरला चकचकीत टक्कल आहे. टकला माणूस हेअरस्प्रेचे डबे नेतो म्हटल्यावर कॉलनीत व्हायची ती चर्चा झालीच. माझी भावजय केशरबाई हिच्या सांत्वनाला बायका आल्या. तिने त्यांना चहा पाजला आणि टवके उडालेला एक रोडरोलर दाखवला. त्या आणखीच काळजीत पडून घरी गेल्या.

इथवर ठीक होते. पण गेल्या उन्हाळ्यात याने व्याह्यांना दसऱ्याची भेट द्यायचे काढले. याची एकुलती मुलगी कामिनी कोंढ्याला दिली आहे. सासरे भय्याजी, धानाची शेती, आणि जावई मंगेश शाळेत होता तेव्हा घेतलेला निळा ट्रॅक्टर. जागेश्वरने त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो आणले आणि उन्हाळाभर बसून हुबेहूब प्रत केली. बोनेटवरचा गंज, सीटचा फाटका कोपरा, चाकाला धानाच्या बांधीतला वाळलेला चिखल, काही सोडले नाही. दसऱ्याला सोने द्यायला आम्ही कोंढ्याला गेलो. भय्याजींची बैठक गावच्या माणसांनी भरलेली. त्यांच्यापुढे याने डबा उघडून ट्रॅक्टर टीपॉयवर ठेवला.

भय्याजींनी तो उचलून फिरवून पाहिला. मग व्याह्याला म्हणाले, "इवाई, माह्या घरची गरिबी डब्यात भरून आणली का?"

जसा आहे तसा केला, असे जागेश्वर म्हणाला. एवढ्यावर गप्प बसेल तर तो जागेश्वर कसला. गंज मात्र फार सुंदर साधलाय, हेही त्याने सांगितले. निघताना भय्याजींनी आम्हाला ऐकवले की दिवाळीला कामिनी माहेरी येणार नाही. तिचा बाप तिचेही टवके मोजत बसेल.

घरी आल्यावर केशरबाईने नवऱ्याला साफ सांगितले. दुसरा चकचकीत ट्रॅक्टर बनव, कोंढ्याला नेऊन दे आणि माझी पोरगी आण. जागेश्वर बसला, रंग कालवला आणि उठला. चकचकीत केला तर तो शोरूमचा होतो, त्यांचा राहत नाही म्हणे. केशरबाईने त्याच्याशी बोलणे सोडले.

तिकडे भय्याजींनाही चैन नव्हते. त्यांनी पवनीहून पेंटर बोलावून खरा ट्रॅक्टर निळाशार करून घेतला आणि फसले. गाव पेढे मागू लागले. जुनाच आहे म्हटले तर कोणी मानेना. मग जुना विकत घ्यायला गिऱ्हाइके आली. जुना हाच, असे सांगितल्यावर शेजारचा श्रावण गोठ्यामागे जाऊन पाहून आला, लपवला तर नाही ना. हेही निभले असते, पण भय्याजींचीच मती फिरली. ओरखडा जाईल म्हणून ते चप्पल काढून ट्रॅक्टरवर चढू लागले. शेताच्या धुऱ्यावरल्या काट्यांजवळून नेईनात, बांधीत उतरवीनात. लवकर येणारे हलके धान कापणीला येऊन उभे, आणि ट्रॅक्टर अंगणात चादर पांघरून.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ते मंगेशच्या गाडीवर मागे बसून जागेश्वरकडे आले. पाण्याला शिवले नाहीत. म्हणाले, "जुना करून द्या."

"नमुना कुठं हाय?" जागेश्वरने विचारले.

नमुना त्यांनी रागाने धान साठवायच्या ढोलीत टाकला होता. दुसऱ्या दिवशी कोंढ्याला तो झटकून उपड्या घमेल्यावर ठेवला आणि दोघे व्याही कामाला लागले. भांडण झाल्यास सोडवायला म्हणून मला नेले होते. हेअरस्प्रे आता निरुपयोगी, तो रंगाच्या खाली लागतो. म्हणून फाटक्या स्पंजाचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून जागेश्वर टिपटिप खोटे टवके उमटवत होता. वीतभर ट्रॅक्टरकडे पाहायचे आणि मोठा त्याच्यासारखा करायचा. शहाण्या माणसाने हे पाहू नये.

डाव्या मडगार्डशी भय्याजींनी जागेश्वरचा हात धरला. इथे रंग गेलेला नव्हता, हे इवाईंनी मनाने घातले म्हणे. वर्षानुवर्षे जो ट्रॅक्टर मी चालवला तो मला माहीत की फोटो काढणाऱ्याला, असे त्यांनी विचारले. जागेश्वर म्हणाला, फोटोत आहे. भय्याजी म्हणाले, फोटो खोटा. स्पंज दोघांच्या हातात ताणला गेला. कामिनी दारात उभी राहून दोघांकडे पाहत होती.

तेवढ्यात विहीणबाई, मंदाबाई, सुपातले तांदूळ खाली ठेवून आल्या.

"गेला होता न रंग," त्या म्हणाल्या. "वावरात जाताना मी तिथंच बसून राहते. धरायले काही नाही, तं मडगार्ड धरते. बांगड्यानं घासला."

भय्याजी मडगार्डकडे पाहू लागले. ट्रॅक्टर चालवणारा समोर बघतो, हे खरे. पण इतकी वर्षे एकदाही मान वळू नये? विचारायची इच्छा मला फार होती.

"उडवा मंग," ते जागेश्वरला म्हणाले आणि स्पंज सोडला.

मंदाबाईंनी जागेश्वरचा हात बाजूला सारला. "तेवढी जागा राहू द्या, इवाई. ते मी बसून बसून उडवीन."

भय्याजींनी चप्पल पायात घातली, तसेच सीटवर चढले आणि सुनेला म्हणाले की बाई, बापासंगं जायची तयारी कर.

कामिनीची पिशवी सकाळपासून भरलेली होती.