पेशीचे पानसोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासमोर माझी जीभ कधी थांबतच नाही त्या परतवाड्याच्या मित्रांनाही नाही. तुम्ही ऐका. हळहळू मात्र नका—मला ते चालत नाही.

अमरावतीत मी पीएच.डी. करत होतो. विषय काय, तर मेंदूतली पेशी फांद्या कशी फोडते ते कॉम्प्युटरवर उगवून दाखवायचं. एक ठिपका टाकायचा, नियम द्यायचे—इथवर वाढ, इथे दुभाग, इथे थांब—की पडद्यावर झाड उभं! आणि काय देखणं झाड! बापाच्या शेंदूरजनाघाटच्या बागेतल्या संत्र्यासारखं, गोल, भरदार. ती बाग तेव्हा पाण्यावाचून वाळत होती. गावोगाव संत्र्यावर कुऱ्हाड चालत होती, आणि मी पडद्यावर बागा लावत होतो. हसा की!

पण झाड खऱ्या पेशीशी जुळायला नको? खऱ्या पेशी होत्या शहनाजकडे. ती अचलपूरची, माझ्याच बरोबरीची, प्राणिशास्त्रात संशोधन करणारी. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मेंदूतली पेशी पाहून तिची फांदी न् फांदी रेखाटायची. तिच्या चित्रांत मधूनच एखादी लांब, सरळसोट फांदी निघायची. माझ्या झाडाला तशी एकही नाही.

संत्र्याला अशी सरळ, बिनफळाची फांदी फुटली की आम्ही तिला पानसोट म्हणतो. दिसली की कापायची. लहानपणापासून हात बसलेला. मग मी काय केलं असेल? नियम बदलले? छे! मी पेशीच छाटली. तिच्या चित्रांतले सगळे पानसोट खोडले आणि जुळवणी केली—अशी सुरेख जुळली म्हणता!

इथेच थांबलो असतो तर—पण नाही. आमच्या दोघांचे मार्गदर्शक सर एकच. तिच्या मूळ चित्रांत आणि माझ्या जुळवणीत फरक कशाचा, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "शहनाजच्या रेघा भरकटतात, सर." तिच्या काचपट्ट्या त्याआधी मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. फांद्या होत्या. अगदी स्पष्ट.

सरांकडून ते ऐकून तिनं मला जिन्यात गाठलं. "भाऊ, मले तं साफ दिसल्या होत्या. तुमाले कावून नाही दिसल्या?"

"चष्मा बदल," मी म्हणालो. वर हसलोही.

तिनं खरंच बदलला. अकोल्याला जाऊन डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, नंबर जुनाच आहे. तरी हिनं नवा करून घेतला. मग सगळ्या पेशी पुन्हा रेखाटल्या. या वेळी एकही पानसोट नव्हता.

"आता बरोबर दिसून राहिलं, भाऊ," ती म्हणाली. खुशीत होती.

मी डॉक्टर झालो. दारावर पाटी आहे, ती काढणार नाही. ते झाड मला आजही आवडतं, तेही लपवणार नाही. वय कोवळं होतं, काळ वाईट होता—असलं काही माझ्या तोंडून निघणार नाही.

शहनाजचे डोळे चांगले होते. ते मी छाटले.