टेकडीवरच्या सीताफळांचा हर्राज

हैदराबादेत पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जंगलाचा चौकीदार पळाला आणि आमच्या अंबरपेठेतल्या पोरांनी स्वातंत्र्याचा अर्थ एका दिवसात लावून टाकला: पलीकडच्या टेकडीवरची सीताफळं आता आपली! आपण नाही तोडली तर दुसरे तोडतील, या धास्तीनं गेली पोती घेऊन. फांद्यांसकट ओरबाडली. सीताफळाचे डोळे उघडून खाचा पांढरट झाल्याशिवाय ते धड पिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पोतीच्या पोती काळी पडून फुकट गेली. टोळीचा म्होरक्या माझाच धाकटा भाऊ. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवायची, जीभ तिखट. आठवडाभर त्याला सोडला नाही.

पुढच्या वर्षी कळलं, टेकडीचा हर्राज होणार. लिलावात ती एकदा गुत्तेदाराकडे, म्हणजे ठेकेदाराकडे गेली की आमची पोरं कायमची कुंपणाबाहेर. मी तरातरा आबिड्सला जंगलखात्याच्या कचेरीत गेले आणि मोडक्यातोडक्या उर्दूत तिथल्या साहेबांशी भांडले. ते म्हणाले, हा हंगाम बघतो. पण एक जरी कच्चं फळ खाली आलं, तर हर्राज.

पोरांना मी भाषण दिलं नाही. मागच्या वर्षी मोडलेल्या झाडांपाशी नेऊन उभं केलं. तिथं औषधालाही फळ नव्हतं. भावानं एक मोडकी फांदी हातात घेऊन पाहिली आणि मग त्यानंच नियम घातला: डोळे उघडलेलंच तोडायचं, फांदी मोडायची नाही, शेंड्यावरची पाखरांना. शेजारच्या मोहल्ल्यातली पोरं पोती घेऊन आली, तर भांडण न करता त्यांनाही पाळ्या लावून दिल्या. गाढवाला अक्कल आली, मी मनात म्हटलं. फार बरं वाटलं.

एका सकाळी साहेब स्वतःच टेकडीवर आले. हिंडता हिंडता त्यांनी एका टपोऱ्या फळाला हात घातला, आणि भावानं त्यांचं मनगट धरलं. मी मनात ओरडले: मेल्या, सगळं घालवलंस!

"साब, कच्चा है," तो म्हणाला. "चार दिन बाद आना."

साहेबांनी फळ निरखून पाहिलं, हात मागं घेतला.

"हर्राज मौकूफ," ते म्हणाले.

लिलाव रद्द! पोरांनी टेकडी डोक्यावर घेतली आणि मी, शाळेतली बाई, पदर खोचून त्यांच्यात नाचले.

पाचव्या दिवशी साहेब पिशवी घेऊन आले, त्याच झाडाखाली उभे राहिले आणि माझ्या भावाला विचारलं, "अब तोडूं?"