मावा पडायच्या आधी

हेमंत चुरी गेल्या माघात वसईजवळच्या होळी गावी, राहत्या घरी वारला. त्याच्या शरीराने रोपण केलेली किडनी नाकारली होती. ती किडनी आईची होती. त्याची थोरली बहीण वासंती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत, शरीराचा हाच नकार थांबवता येतो का, ते शोधत होत्या.

वासंतीताईंची वाडी आमच्या वाडीला लागून. गावात कुणी दुखण्याखुपण्याचं विचारलं की त्या आधी म्हणायच्या, "हे अजून माहीत नाही." लोक हसत. दुधी घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "एवढं शिकून माहीत नाही, मग आमचं काय वाईट?"

"काहीच नाही," म्हणत त्यांनी दुधी तोलून दिला.

त्यांचं औषध नवं नव्हतं. रक्तवाहिन्या सैल करायला डॉक्टर ते देतातच. माणसाच्या रक्तातल्या काही पेशी परक्या अवयवावर तुटून पडतात. या औषधाने त्या शांत होतात का, हे वासंतीताई काचेच्या ताटलीत पाहत होत्या. निरोगी माणसांच्या पेशी शांत होत होत्या.

हेमंतची किडनी ढासळू लागली तेव्हा त्याची बायको प्रतिभा पडवीत सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, कपाटात औषध असून तुम्ही हात हलवत येता?"

"ताटलीतलं ताटलीत राहू दे, प्रतिभा."

"उंदरांना देता ना?"

"उंदीर नाहीत. माणसाच्याच पेशी आहेत."

"मग हा माणूस नाही?"

वासंतीताईंनी हेमंतच्या डॉक्टरांना विचारलं. या कामासाठी औषधाची रुग्णांवर चाचणी झालेली नाही, असं सांगून डॉक्टरांनी नकार दिला. प्रयोगशाळेला मात्र शरीराने किडनी नाकारलेल्या रुग्णांचं रक्त हवं होतं. हेमंतने संमती दिली. "घे ताई, विहीर अजून आटली नाही," असं म्हणून त्याने बाही वर केली.

निष्कर्ष सांगायला त्या आल्या तेव्हा हेमंत मावा कीड पडू नये म्हणून वालाच्या वेलांवर चुलीतली राख उडवत होता. पानांवर दंव असतानाच राख चिकटते, म्हणून आमच्या गावात हे काम सकाळी करतात. मी कुंपणापाशी होतो.

"आधी औषध दिलं तर पेशी उठतच नाहीत," त्या म्हणाल्या. "एकदा उठल्या की औषधाला जुमानत नाहीत."

"म्हणजे राखच की. मावा पडायच्या आधी टाकायची."

"हो."

"आणि माझ्या उठल्यात."

"हो."

"आता औषध दिलं तर?"

ताईंचं नेहमीचं उत्तर मला पाठ होतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "माहीत आहे, हेमंत."

त्याने राखेच्या डब्यात पाहिलं. "बरं. ही ओळ तर गेली. पलीकडची अजून चांगली आहे." तो पलीकडच्या ओळीत गेला आणि राख उडवू लागला. ताई डबा धरून त्याच्या मागे चालत राहिल्या.

अंत्यविधीला प्रतिभा त्यांच्याशी बोलली नाही. तेराव्यानंतर वासंतीताई गावी आलेल्या नाहीत. नोकरी त्यांनी सोडलेली नाही.

मी फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की हेमंतच्या रक्तातल्या उरलेल्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत. कुपीवर नाव नाही, क्रमांक आहे. पेशी जिवंत आहेत.