पाठमोरे वेंकोबाराव

वेंकोबारावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. मुलींची मॅच ऐन रंगात आलेली, आणि त्यांचा कोच मैदानाकडे पाठ करून, कुंपणापलीकडच्या भातशेताकडे बघत उभा! गळ्यात शिट्टी, हात मागे बांधलेले आणि ओठांवर तमिळ आकडे : ओण्णु, रेण्डु, मूणु... सहापर्यंत जायचे आणि थांबायचे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलवरून घराघरांत अबोला धरतात. बँकेच्या बदलीने कुंभकोणमला येऊन पडलो होतो, संध्याकाळ खायला उठायची, म्हणून फुटबॉल दिसला तिथे थांबलो. मनात म्हटलं, आयला, हा कसला कोच?

"सार, खेळ इकडे चाललाय," मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणालो.

माझे उच्चार ऐकून ते चक्क मराठीत बोलले. "ठाऊक आहे. बघवत नाहीं. भेव लागतें."

मराठेशाहीत तंजावर मुलखात येऊन राहिलेल्या घराण्यातले ते. घरात ती जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. चेंडूला मात्र दोन्हीकडे 'पंदु'. शाळेतून पीटी मास्तर म्हणून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा चेन्नईला. आणि भित्रे म्हणजे किती? देवळाचा हत्ती समोरून आला की हे बाजूच्या गल्लीत. कुत्रं भुंकलं की माझा दंड घट्ट धरायचे. माझ्या स्कूटरवर बसले की डोळे मिटून घ्यायचे आणि दारासुरमचं आमचं मैदान येईपर्यंत "आलें काय? आलें काय?" चालायचं.

अशा माणसाचा संघ मात्र छाती दडपून जाईल असा खेळायचा. समोरच्या मुलीने चेंडू जरा लांब ठोकरला, किंवा आमच्याकडे पाठ करून घेतला, की सगळ्यात जवळची पोर तिच्यावर तुटून पडायची. सरळ नाही, वळसा घेऊन, म्हणजे बाजूची वाट बंद. आणखी दोघी जवळच्या मुलींना चिकटायच्या. बचावाची फळी थेट मध्यरेषेवर. सहा आकड्यांत चेंडू मिळाला तर मिळाला, नाहीतर सगळ्यांनी मागे पळायचं. संध्याकाळी मदतीला जायला लागलो तेव्हा मी वाद घातला, "अहो, सगळ्या वर गेल्या तर मागं कोण?"

"मागें कोणी नाहीं. अर्धें मैदान मोकळें. तेंच भेव! म्हणून तर पंदु त्यांच्या घरींच धरायचा. भित्र्या माणसानें दुसरें काय करावें, पाटील? शूर असतों तर गोलाजवळ उभा राहून वाट बघितली असती."

मी हसलो. पण खरं सांगतो, इतका शहाणा विचार आमच्याकडच्या एकाही छातीठोक कोचकडून मी ऐकला नव्हता.

त्या उन्हाळ्यात त्यांची शिट्टी गळ्यातून मनगटावर आली. अंगाची लाही होत असताना गळ्याभोवती टॉवेल. एकदा पाणी पिताना टॉवेल सरकला आणि कानाखाली मला गाठ दिसली, लिंबाएवढी.

"हे काय?"

"उष्णतेची गाठ. कडुनिंब लावतों. उगेंच पाहूं नका."

मी "बरं" म्हणालो. माझ्या वडिलांना तशीच गाठ झाली होती, त्याच जागी, आणि ती साधी निघाली नव्हती. म्हणजे मला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी विचारू, मॅच झाल्यावर विचारू, असं करत दोन महिने घालवले. रोज त्यांचा टॉवेल दिसायचा आणि मी नजर दुसरीकडे वळवायचो. मग त्यांचा आवाज बसला. आकडे ऐकू येईनात, नुसते ओठ हलायचे.

सेल्वी ही आमची मधली बचावपटू, दारासुरमच्या विणकराची मुलगी. एका संध्याकाळी बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता ती मला म्हणाली, "अण्णा, सारांचे सहा आकडे केव्हाच होऊन गेले ना?" ती तमिळमध्ये बोलली, पण मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या दारात. त्यांनी मला पाहिलं, हातातली हेल्मेटं पाहिली आणि आत जाऊन खाटेवर बसले.

"वेंकोबाराव, पंदु आपल्या घरात आलाय."

"ठाऊक आहे." त्यांनी गळ्यावरचा टॉवेल सारखा केला. "दाराशीं होता तेव्हांपासून ठाऊक आहे. पोरींना शिकवलें, मला नाहीं जमलें. भेव लागतें, पाटील."

"मलाही लागतंय. चला."

तंजावरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन-तीन महिने आधी यायला हवं होतं. ते दोन महिने माझे होते. हे मी वेंकोबारावांना कधी सांगितलं नाही. त्यांना समजलं होतं असं मला वाटतं, कारण त्यांनीही कधी विचारलं नाही.

मार्गळीत, म्हणजे डिसेंबरअखेरीस, आमची मॅच होती, तेव्हा ते हट्टाने आले. अंगात काही उरलं नव्हतं. मी प्लास्टिकची खुर्ची नेहमीसारखी भातशेताकडे तोंड करून ठेवली. त्यांनी हाताने खूण केली : फिरवा. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना मैदानाकडे तोंड करून बसलेलं पाहिलं.

उत्तरार्धात आमच्या पोरी सगळ्या वर गेल्या आणि समोरच्या मुलीने चेंडू उंच उडवून सेल्वीच्या डोक्यावरून मागे टाकला. मागे मोकळं अर्धं मैदान. त्यांची एक पोर सुटली. आयुष्यभर हा माणूस ज्याला भ्याला, तेच त्याच्या डोळ्यांदेखत घडणार होतं, आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरून डोळे मिटून घेतले. आरडाओरडा झाला. मग शिट्टी.

माझ्या हातावर त्यांचा हात आला, गार.

"उघडा डोळे, पाटील. गेला पंदु गोलांत." आवाज नव्हताच, नुसता श्वास. "इतकेंच होतें. सेल्वीला सांगा, रेष तिथेंच ठेव."

पोंगलच्या आधी ते गेले. आता सराव मी घेतो. सेल्वी मध्यरेषेवर उभी असते, तिच्यामागे सगळं मैदान मोकळं, आणि मला अजून भेव लागतं. मी सहापर्यंत मोजतो आणि बघत राहतो.