पगारेसरांचं पॅकिंग

नाशिकरोडच्या कॉलनीत झुंबर पगारेइतकं कोणी शिकलेलं नव्हतं, आणि तो नेमकं काय शिकतो हे सांगू शकेल असंही कोणी नव्हतं. त्याची आई भिमाबाई शेजारणींना सांगे, "पोरगा गणितात डाक्टर होतोय." ऐकणारी लगेच आपला गुडघा पुढे करी.

१९७८ साली पश्चिम जर्मनीतल्या एका प्राध्यापकाने झुंबरला वर्षभर संशोधनासाठी बोलावलं. राहणं-जेवण त्यांचं, येणं-जाणं आपलं. म्हणजे पंगत फुकट, फक्त मांडव समुद्रापलीकडे. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्च देणारी एक सरकारी योजना होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" झुंबर खरं बोलला, आणि प्रश्न मिटला.

विषय असा, की सारख्या आकाराचे गोळे कमीत कमी जागेत कसे बसवायचे. इंग्रजीत याला पॅकिंग म्हणतात. फक्त झुंबरचे गोळे लांबी-रुंदी-उंचीच्या जगातले नव्हते. ते चोवीस मितींच्या अवकाशात होते, आणि ते अवकाश कागदाबाहेर कुठे सापडत नाही.

हे त्याने सहादूमामाला समजावलं. मामा लासलगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर क्लार्क होता, हयात कांद्याच्या वॅगनी भरून घेण्यात गेलेली. 'पॅकिंग' ऐकताच त्याने हात वर केला.

"थांब. पुढचं नको सांगू. गोल वस्तू, कमी जागा. मग आधी का नाय बोलला? धोंडीरामशेठकडं चल."

"मामा, ते तसलं पॅकिंग नाही."

"पॅकिंग ते पॅकिंग. शिकलेल्या माणसाला शंकाच लय."

धोंडीरामशेठ कांद्याचे मोठे व्यापारी. माल दूर पाठवायचा आणि वाटेत किती सडला याची तार यायची वाट बघायची, हा त्यांचा धंदा. मामाने भाच्याचा विषय स्वतःच सांगितला, आणि तो इतका चांगला सांगितला की क्षणभर झुंबरलाही आपण तेच शिकतोय असं वाटलं.

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "कांद्याला लागू होईल ना, पगारे?"

"तत्त्वतः होईल."

गणितात 'तत्त्वतः' म्हणजे होणार नाही, पण का होणार नाही हे सांगायला वेळ लागेल. शेठ मामाला म्हणाले, "बघा सहादू, तत्त्वाचा माणूस आहे." चार व्यापाऱ्यांनी मिळून विमानाचं तिकीट काढलं. मामा प्रत्येकाला म्हणाला, "माझा भाचा हाय, माझा शब्द हाय."

जर्मनीत झुंबरचं काम चांगलं झालं. सुटीच्या दिवशी एकटा असला की शेठचा प्रश्न आठवे, म्हणून तो सुटी घेईनासा झाला. परत गेल्यावर सांगून टाकू, असं त्याने ठरवलं होतं.

परत आला तो पगारेसर होऊन, नाशकातल्या कॉलेजात नोकरी घेऊन. लासलगावात सत्कार झाला. अंगावर शाल पडली की खांद्यांबरोबर जीभही झाकली जाते, हे सरांना तिथे कळलं. सत्कार संपल्यावर शेठ सगळ्यांना मालधक्क्यावर घेऊन गेले. रिकामी वॅगन उघडी होती, गोण्या खाली रचलेल्या होत्या आणि हमाल हाताची घडी घालून उभे होते.

"गुवाहाटीचा माल आहे," शेठ म्हणाले. "भरा तुमच्या पद्धतीने."

बोलायची वेळ हीच होती. सरांनी मामाकडे पाहिलं. नवा सदरा घातलेला मामा वॅगनच्या दाराला हात लावून उभा होता, भाच्यावर नजर ठेवून.

सर म्हणाले, "फट राहता कामा नये."

थप्पी अशी बसली की बघत राहावं. नेहमीपेक्षा कितीतरी गोण्या जास्त मावल्या. गुवाहाटीला म्हणे वॅगनच्या आधी तिचा वास पोचला. कांद्याला वारा लागतो हे लासलगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण जर्मनीहून आलेल्या माणसाला ते सांगणार कोण?

शेठनी बोलावून घेतलं. सर शिव्या खायच्या तयारीने गेले, तर शेठनी चहा मागवला.

"प्रयोग म्हटला की एखादा फसतो. मनाला लावून घेऊ नका, पगारे. आणखी शिकायला जायचं असेल तर सांगा, तिकिटाचं बघू."

सर चहा पीत राहिले. कप खाली ठेवला असता तर बोलावं लागलं असतं.

स्टेशनकडे चालताना त्यांनी मामाला सांगितलं, "मामा, माझं गणित कांद्याचं नाही. कधीच नव्हतं."

"वॅगन भरताना कळलं मला ते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," मामा म्हणाला. "म्हटलं एवढा शिकलेला हाय, बोलंल."

पॅसेंजर आली. मामाने खिडकीची जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली, तांब्याभर पाणी आणून पाजलं. चिडलेला माणूस एवढं करत नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं सरांना निफाडपर्यंत वाटत राहिलं.

काही वर्षांनी मामाच्या मुलीचं, चंद्रभागाचं लग्न निघालं. तोवर सरांना डॉक्टरेटही मिळाली होती. मांडवात व्याह्यांनी सरांकडे बघून विचारलं, "हे पाहुणे कोण?"

"भिमाबाईचा थोरला," मामा म्हणाला. "नाशकाला मास्तर असतो." आणि तो पंगतीचं बघायला निघून गेला.

सरांनी व्याह्यांना हात जोडले. त्या वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.