ताईंच्या शाळेत गेलेली माझी मुलगी

केजच्या रस्त्याला, आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर, एका शेतात पत्र्याच्या चार खोल्या उभ्या राहिल्या आणि त्यात पाचवी ते आठवीची खासगी शाळा सुरू झाली, तेव्हा मी हसले होते. पोरं जेमतेम पंचवीस. घंटा नाही, परीक्षा नाही, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. एकजण विहिरीत दोर सोडून पाणी मोजतोय, एकजण कोंबडीच्या अंड्यांची वजनं लिहितोय. शाळा चालवणाऱ्या ताई पुण्यात शिकून आलेल्या, वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवतेय. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी शाळेत चहाच्या वेळी बोलूनही दाखवलं.

मग माझ्याच नवऱ्यानं आमच्या मुलीचं नाव सहावीला तिथं घातलं. पाचवीपर्यंत ती वडिलांसोबत एसटीनं केजला जायची, मोठ्या शाळेत. तिथं वर्गात साठ पोरं आणि ही कोपऱ्यात मुकी. ते तहसील कचेरीत कारकून, बोलणं मोजकंच. म्हणाले, पोरगी तिथं तोंड उघडेल. आमच्या मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि मला म्हणाले, बाई, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी दिवसभर मुख्याध्यापकांशी बोलले नाही.

आणि पोरीनं खरंच तोंड उघडलं. पण उघडलं की पहिला शब्द 'ताई'. ताई म्हणाल्या दही विरजताना ऊब मोजायची. ताई म्हणाल्या चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी परत लिहायचं. मी तिच्या दोन घट्ट वेण्या घालायचे. एक दिवस ती एकच सैल वेणी घेऊन घरी आली. ताईंनी घालून दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला तशीच घालायला सांगितली. मी घातली, पण कंगवा जरा जोरात फिरवला, हे कबूल करते.

त्याहून वाईट गोष्टही कबूल करते. एका रविवारी मी तिला स्कॉलरशिपच्या गाईडातली वीस गणितं सोडवायला बसवलं. तिची नऊ चुकली. मी तिच्या वडिलांपुढे तो कागद धरला, तेव्हा मला झालेला आनंद लपत नव्हता. आपल्या पोटच्या पोरीची गणितं चुकली म्हणून खूश होणारी बाई मी पहिलीच असेन. नवऱ्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि जेवायला वाढ म्हणाले.

ती सातवीत गेली. त्या शाळेत सातवीच्या पोरांना जानेवारीत एक काम असतं. परिसरातलं एक माणूस निवडायचं, महिनाभर त्याच्याजवळ बसायचं, त्याचं काम शिकायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी खव्याची भट्टी निवडली, कुणी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं केजमधलं दुकान, एकजण मेंढरांमागं जाणार होता. आमची कुणाला निवडणार ते सांगेना. मला खात्री होती, ती ताईंनाच निवडणार. दोन रात्री मी त्या विचारानं धड जेवले नाही.

एका संध्याकाळी ताई स्वतः घरी आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या की मुलीनं तुम्हाला निवडलंय, महिनाभर तुमच्या वर्गात बसली तर चालेल का. मी चालेल म्हणाले, जणू उपकारच करत होते. त्या गेल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून झालं. मुख्याध्यापकांना तर दोनदा.

ती आली, मागच्या भिंतीला वही घेऊन बसली. पहिले तीन दिवस मी इस्त्रीची साडी नेसले, तक्ते टांगले, कुणावर ओरडले नाही. चौथ्या दिवशी ती तिथं आहे हेच विसरले, कारण दिवस उसाचे होते. माझ्या वर्गातल्या चौतीस पोरांपैकी एकोणीस जणांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. पोरं आजीआजोबांकडे राहतात, हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून दोन वेळा शाळेतच जेवतात. मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवरून रोज चार-पाच जणांची आईबापाशी गाठ घालून द्यायची, ही माझी कैक वर्षांची पद्धत. फडातून बायका त्याच वेळी फोनकडे डोळे लावून बसलेल्या असतात. पोरं माझ्या टेबलापुढे रांग लावतात, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. पलीकडून एखादी आई म्हणते, "बाई, पोरगी जेवती का न्हाई?" आणि पोरगी मान डोलावते, फोनवर मान दिसत नाही हे विसरून.

महिना संपायच्या आदल्या दिवशी रांगेत शेवटी माझी मुलगी उभी होती. मला वाटलं, गंमत करतेय. तिच्यापुढची मुलगी अजून डोळे पुसत होती, घंटा व्हायला मिनिट राहिलेलं. मी म्हणाले, "तू हो बाजूला, यांचा वेळ जातोय." ती झाली.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांच्या शाळेत सगळे पालक ताडपत्रीवर बसलो. मी पहिल्या रांगेत, चांगली साडी नेसून. खव्याच्या भट्टीवाला पोरगा झाला, मेंढरांवाला झाला. मी मनातल्या मनात मार्क देत होते आणि सगळ्यांना कमीच देत होते. मग आमची उठली. केजला वर्गात मुकी असायची ती पोरगी वही न बघता बोलायला लागली.

तिनं सांगितलं की आईला कुणाचे आईबाप कुठल्या कारखान्यावर आहेत ते पाठ आहे. आई कुणाला दुसऱ्यांदा समजावून सांगताना चिडत नाही. आई मधल्या सुट्टीत डबा खात नाही, घरी आणून मुकाट्यानं गाईपुढे टाकते. लोक माझ्याकडे वळून बघत होते. मी ताईंकडे बघितलं. मनात म्हटलं, बघा, ही माझी आहे.

मग ती म्हणाली, "मी इथल्या फोनवरून मधल्या सुट्टीत आईला फोन लावायचे. कायम बिझी. मला वाटायचं, मुद्दाम उचलत न्हाई. मग जे सांगायचं ते मी ताईंना सांगायचे. आता कळलं, बिझी का असतो. आईच्या वर्गातल्या पोरांचा मला लई राग आला. एक दिवस मी पण रांगेत उभी राहिले. आई म्हणाली, तू हो बाजूला."

लोक हसले. तिनं ते हसण्यासारखंच सांगितलं होतं. मला तो राग ओळखू आला. दीड वर्ष माझ्या पोटात तोच होता, फक्त ताईंच्या नावानं.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "तुला काय बोलायचं होतं?"

ती म्हणाली, "काही न्हाई. तिच्याशी बोलायचं होतं."

मी ताडपत्रीची कड मुठीत धरून बसले होते. त्या दिवशी रांगेपाशी तो प्रश्न मी विचारायला हवा होता. तोही त्यांनीच विचारला.